विकलेला खेळ परत घेता येत नाही

माझ्याकडे बिल आहे. तारीख 14 ऑक्टोबर 2018, रक्कम 2,999 रुपये, त्यात 18 टक्के जीएसटी. वर 'खरेदीबद्दल आभार' असं लिहिलेलं आहे. त्याच गेमच्या पुढच्या भागाचं दुसरं बिल 1,499 रुपयांचं. आजही माझ्या खात्यातल्या यादीत तो गेम दिसतो. बटण दाबलं की कंपनीचं बोधचिन्ह येतं, ओळखीचं संगीत सुरू होतं आणि मग एक ओळ येते: सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही, पुन्हा प्रयत्न करा. जून 2022 पासून ती ओळ तिथे आहे. पलीकडे कोणी नाही.

यावर उद्योगाचं उत्तर ठरलेलं आहे. तुम्ही गेम विकत घेतलाच नव्हता, वापरण्याचा परवाना घेतला होता. ती एक सेवा होती, ती संपली. हे उत्तर मला कंपनीच्या ग्राहक सेवेने मेलवर दिलं. माझ्या बँकेतल्या आयटी विभागातल्या मुलाने जेवणाच्या सुट्टीत हेच सांगितलं, वर 'मॅडम, अटी वाचायच्या असतात' असंही म्हणाला. मला हे उत्तर मान्य नाही.

अटी वाचण्याबद्दल आधी बोलते, कारण ते माझं रोजचं काम आहे. मी नाशिकला एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. कर्जदाराची प्रत्येक पानावर सही घेणं, कलमं समजावून सांगणं, जामीनदाराला पुन्हा समजावणं, यातच दिवस जातो. ऑक्टोबर 2024 पासून तर रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने नव्या किरकोळ कर्जाबरोबर ठळक माहितीचा एक तक्ता द्यावा लागतो: व्याज किती, सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो, शुल्कं कोणती, वसुली कशी होणार, तक्रार कुठे करायची. का? तर चाळीस पानांच्या करारात लपवलेली गोष्ट कर्जदाराला सांगितली, असं धरता येत नाही म्हणून. पन्नास हजारांच्या कर्जाला हा नियम आहे. आणि साडेचार हजारांचा गेम विकताना मात्र 'आम्हाला वाटेल तेव्हा हे बंद करू' हे वाक्य इंग्रजीतल्या कुठल्याशा परिच्छेदात पुरून ठेवायचं आणि समोर मोठ्या बटणावर 'खरेदी करा' लिहायचं, हे चालतं.

परवान्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तो लोकांना पटतो. गेमचा प्रताधिकार माझ्याकडे येत नाही, हे मला मान्य आहे. मी कादंबरी विकत घेते तेव्हाही प्रताधिकार लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडेच राहतो. मी ती छापून विकू शकत नाही. पण माझ्या कपाटातली प्रत माझी असते. प्रकाशनसंस्था बंद पडली म्हणून कोणी माझ्या घरी येऊन पानं कोरी करून जात नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही संगणक प्रोग्रामची वैध प्रत ज्याच्याकडे आहे त्याला ती हरवू नये, खराब होऊ नये म्हणून बॅकअप काढण्याची मुभा दिलेली आहे. म्हणजे प्रत बाळगणाऱ्याला काही हक्क आहे, हे कायद्याने कधीच ओळखलं आहे. प्रश्न असा की बॅकअप काढायचा कशाचा? गेमचं निम्मं अंग माझ्या यंत्रात आणि निम्मं कंपनीच्या सर्व्हरवर अशी रचना मुद्दाम केली, की हा हक्क कागदावर उरतो.

शब्दाचा खेळ किती उघड होता, हे कॅलिफोर्नियाने दाखवून दिलं. तिथे 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कायद्याने डिजिटल वस्तू विकणाऱ्यांना 'खरेदी' हा शब्द सरसकट वापरायला मनाई केली. वापरायचा तर ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे, हे तिथेच स्पष्ट सांगा. त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर 2024 मध्ये, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना दिसू लागली. इतकी वर्षं ग्राहकाला सगळं माहीत होतं, असं जर यांचं म्हणणं असेल, तर ही पाटी लावायला कायदा का लागला?

आता 'द क्रू' या गेमकडे येते, कारण सगळं भांडण त्याच्यापासून पेटलं. युबिसॉफ्ट या कंपनीने तो डिसेंबर 2014 मध्ये विक्रीला आणला. गाड्यांचा गेम. अख्ख्या अमेरिकेचा छोटा केलेला नकाशा, एका किनाऱ्यावरून निघून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गाडी चालवत जायचं. त्यात कथा होती, ती एकट्याने खेळता यायची. तरीही एकट्याने खेळतानासुद्धा सर्व्हरशी जोडलेलं असणं सक्तीचं होतं. डिसेंबर 2023 मध्ये विक्री थांबली, 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि डबाबंद डिस्क घेतलेल्यांच्या हातातही निव्वळ प्लास्टिक राहिलं. नंतर अनेकांच्या खात्यातून परवानाच काढून घेतला गेला. त्याच वर्षी जानेवारीत युबिसॉफ्टचे सदस्यता विभागाचे अधिकारी फिलिप ट्रेम्ब्ले एका मुलाखतीत बोलले होते की सीडी-डीव्हीडी आपल्या मालकीची नसण्याची जशी लोकांना सवय झाली, तशी गेम मालकीचे नसण्याची सवय खेळाडूंना व्हायला हवी. ते मासिक वर्गणीच्या योजनांबद्दल बोलत होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. वर्गणी भरून पाहिलेली गोष्ट वर्गणी संपल्यावर जाते, याला माझा आक्षेप नाही. पण 'द क्रू' घेणाऱ्यांनी वर्गणी भरली नव्हती. त्यांनी पूर्ण किंमत मोजली होती.

बंद करण्याची कारणं म्हणून कंपनीने सर्व्हरची यंत्रणा आणि परवान्यांच्या मर्यादा पुढे केल्या. गाड्यांच्या कंपन्यांशी केलेले करार संपतात, हे खरं आहे. पण करार संपला की नवी विक्री थांबते, विकलेला माल परत घ्यावा लागत नाही. 'फोर्झा होरायझन 4' डिसेंबर 2024 मध्ये दुकानातून उतरवला, ज्यांनी आधी घेतला होता ते आजही खेळतात. 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट'चे सर्व्हर 31 जानेवारी 2024 ला, म्हणजे 'द क्रू'च्या दोनच महिने आधी बंद झाले. जाण्याआधी सोनीने एक अपडेट देऊन खेळातली प्रगती ऑफलाइन साठवण्याची सोय करून ठेवली. तोही गाड्यांचाच गेम. एका कंपनीला जमतं ते दुसरीला का जमत नाही, याचं उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही.

'द क्रू' बंद झाल्यावर अमेरिकी यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघातल्या नागरिकांच्या याचिकेला दहा लाख सह्या लागतात. 31 जुलै 2025 ला मुदत संपली तेव्हा चौदा लाखांवर सह्या झाल्या होत्या, पडताळणीनंतरही जवळपास तेरा लाख वैध ठरल्या. याचिकेत सर्व्हर कायमचे चालू ठेवा असं म्हटलेलं नाही. प्रताधिकार सोडा असंही नाही. मागणी एवढीच, की गेम बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. त्यावर युरोपातल्या गेम प्रकाशकांच्या संघटनेने जे निवेदन काढलं त्याचा सारांश तीन वाक्यांत सांगता येतो. गेम बंद करण्याचा निर्णय आम्ही हलक्यात घेत नाही. खासगी सर्व्हर सुरक्षित नसतात, तिथे काही बेकायदा घडलं तर जबाबदारी आमच्यावर येईल. आणि अनेक गेम मुळातच ऑनलाइन म्हणून बांधलेले असतात, तुमच्या मागण्या मानल्या तर ते बनवणं परवडणार नाही.

पहिल्या वाक्याला उत्तराची गरज नाही. निर्णय जड मनाने घेतला तरी माझे साडेचार हजार गेले ते गेलेच. दुसऱ्याचं उत्तर लहान आहे: कंपनी निघून गेल्यावर सर्व्हर जो चालवेल, तिथे जे घडेल त्याची जबाबदारी त्याची, एवढं लिहिणारा वकील या कंपन्यांकडे नक्की असेल. खेळाडूंची खासगी माहिती तर जातानाच पुसून टाकायला हवी.

तिसऱ्या वाक्यापाशी मात्र मला थांबायचं आहे. 'सर्व्हर' हा शब्द असा उच्चारला जातो जणू तो सामान्य माणसाच्या बुद्धीपलीकडचा आहे. मी पहिला गेम सर्व्हर पाहिला तो 2004 साली, साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका सायबर कॅफेत. माडीवरची खोली, सहा संगणक, तासाला वीस रुपये. मी दहावीत होते, दादा बारावीत. इंटरनेट असून नसल्यासारखं, कारण फोनची लाइन सारखी जायची. तरी आम्ही 'काउंटर-स्ट्राइक' खेळायचो, तिघे विरुद्ध तिघे. कॅफेवाल्या काकांच्या टेबलाखाली एक पिवळट पडलेला सीपीयू होता, त्याचं झाकण काढून ठेवलेलं, आत पंखा फिरताना दिसायचा. काका कीबोर्डवर काहीतरी टाइप करायचे, मग हाक मारायचे, 'घ्या रे, चालू झाला.' तो सर्व्हर. निळ्या केबल सहा टेबलांकडे गेलेल्या, एकीवर सगळ्यांची चप्पल अडकायची म्हणून काकांनी तिला चिकटपट्टी लावलेली. गेम बनवणारी कंपनी अमेरिकेत होती आणि तिच्या कुठल्याही यंत्राची आम्हाला गरज नव्हती. सर्व्हरचा प्रोग्राम खेळाडूंच्या हाती देणं ही तेव्हाची साधी रीत होती. ती रीत मोडली, कारण सर्व्हर आपल्या मुठीत असला की दुकानही मुठीत राहतं: पोशाख विका, नाणी विका, जुना भाग बंद करून नव्याकडे ढकला.

आणि ही रीत अजून मेलेली नाही. 'नॉकआउट सिटी' हा पूर्ण ऑनलाइन गेम जून 2023 मध्ये बंद झाला, तेव्हा तो बनवणाऱ्या वेलान या लहानशा स्टुडिओने खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती फुकट देऊन निरोप घेतला. 'द क्रू'च्या बाबतीत तर चाहत्यांच्या एका गटाने कंपनीच्या मदतीवाचून काम करून सप्टेंबर 2025 मध्ये संगणकावरचा गेम पुन्हा चालू करून दाखवला. खुद्द युबिसॉफ्टने ओरड झाल्यावर 'द क्रू 2'ला ऑफलाइन सोय दिली. अशक्य म्हणून सांगितलेलं काम इतक्या जणांनी केलं असेल, तर ते अशक्य नव्हतं. पहिल्या दिवसापासून आराखड्यात धरलं तर फार महागही पडणार नाही. बंद करायच्या आदल्या महिन्यात विचार सुरू केला तर महाग पडेल, आणि तो दोष खेळाडूचा नव्हे.

महाराष्ट्रात सदनिका घेतलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. बिल्डरने जन्मभर आपली लिफ्ट चालवावी, टाकी धुवावी असं कोणी म्हणत नाही. पण इमारत झाली, पैसे घेतले, की त्याने सोसायटी स्थापन करून द्यायची, चाव्या आणि कागदपत्रं हवाली करायची आणि जमिनीचं हस्तांतरण करायचं, हे 1963 च्या सदनिका मालकीच्या मोफा कायद्यापासून त्याच्यावर बंधन आहे. अनेक बिल्डर ते टाळतात, म्हणून तर सरकारला बिल्डरवाचूनही जमीन सोसायटीच्या नावे करून देणारी मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणावी लागली. पण हे बंधन परवडत नाही म्हणून महाराष्ट्रात इमारती बांधणं थांबलं का? गेमवाल्यांकडे मागणं तेच आहे. तुम्ही जा, पण चाव्या देऊन जा.

यापुढचा आक्षेप कंपन्यांचा नाही, आपल्या घरातला आहे. 'गेमच तर होता. एवढं काय त्यात?' माझ्या सासूबाई हे प्रेमाने म्हणतात, इतर काही जण तुच्छतेने म्हणतात. त्यांना माझ्या त्या बंद पडलेल्या गेममध्ये काय होतं ते सांगते.

दादा 2016 पासून दोह्याला आहे. दोन वर्षांतून एकदा येतो. फोनवर बोलायला बसलो की आमचं बोलणं आईच्या बीपीच्या गोळ्यांपाशी आणि त्याच्या व्हिसापाशी संपायचं. गेम घेतल्यावर दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, रात्री साडेदहाला आम्ही भेटायला लागलो. माझा मुलगा झोपलेला असायचा, ओटा आवरून झालेला असायचा. कानाला हेडफोन लावून हळू आवाजात बोलायचं. एक पडका किल्ला होता, त्याचा दरवाजा दोघांनी एकाच वेळी दोन बाजूंचे साखळदंड ओढले तरच उघडायचा. तो पहिल्यांदा उघडायला आम्हाला तीन शुक्रवार लागले. त्या धडपडीत दादाने मला कंपनीतली नोकरी जायची वेळ आली होती ते सांगितलं, आणि मी त्याला माझ्या दुसऱ्या गर्भपाताचं सांगितलं. समोरासमोर बसून आम्ही हे एकमेकांना सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

बंद होण्याचा मेल नव्वद दिवस आधी आला. शेवटच्या रात्री सर्व्हर आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेपाचला जाणार होता, दोह्यात तेव्हा तीन वाजलेले. दादाला सकाळी ड्यूटी होती, तरी तो थांबला. किल्ल्याच्या चौकात अनोळखी लोक येऊन बसले होते, तीस-पस्तीस जण. कोणी ब्राझीलचं, कोणी पोलंडचं. कोणी लढत नव्हतं. दादा म्हणाला, 'चल, दरवाजा एकदा उघडू.' आम्ही साखळदंड धरले. दरवाजा अर्धा वर गेला आणि पडदा काळा झाला. दादा फोनवर काही वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, 'झोप आता, तुला बँक आहे.'

ज्याला हे निव्वळ टाइमपास वाटतं त्याने तसं वाटून घ्यावं. पण कॅरम आणि पत्ते हेही खेळच आहेत, आणि कॅरम बनवणारा कारखाना बंद पडला म्हणून घरातल्या कॅरमच्या सोंगट्या नाहीशा होत नाहीत.

'भारतात कोण विकत घेतं? सगळे पायरेटेडच खेळतात' असंही ऐकवलं जातं. खेळत होतो आम्हीही, फूटपाथवरच्या पन्नास रुपयांच्या सीडी आणून. कमावायला लागल्यावर मी ते सोडलं, कारण गेम बनवणाऱ्याला पैसे मिळायला हवेत असं मला मनापासून वाटतं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने 2020 साली 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा गेम आणला, तो मी पूर्ण किमतीला घेतला आणि मैत्रिणींनाही घ्यायला लावला. आज स्थिती अशी आहे की ज्याने कुलूप तोडलेली प्रत उतरवली त्याच्या प्रतीला सर्व्हरची परवानगी लागत नाही, त्याचा गेम दहा वर्षांनीही चालतो. बिल जपून ठेवणारी मी मात्र काळ्या पडद्यासमोर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मला खेळायला आठवड्यातून चार-पाच तास मिळतात. तेवढ्यात गेमचं अपडेट येतं, चाळीस जीबी, की त्या रात्रीचा गेम झाला. डबा आणला तर आत डिस्कऐवजी एक कोड निघतो. प्लेस्टेशन 5 भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये 49,990 रुपयांना आला आणि दोन वर्षं व्हायच्या आत 54,990 झाला, यंत्र तेच. हे सगळं मी सोसते, कारण किंमत आवडली नाही तर न घेण्याचं स्वातंत्र्य मला आहे. घेतल्यानंतर काढून घेतलेल्या वस्तूबाबत तेही उरत नाही. उद्योगाला लाज असते तेव्हा तो वागतो कसा, हेही पाहिलं आहे. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' ऑगस्ट 2024 मध्ये आला, चालला नाही, दोन आठवड्यांत बंद झाला, आणि घेतलेल्या प्रत्येकाला पैसे परत दिले गेले. बंद करायचा असेल तर हा एक रस्ता आहे. चाव्या देऊन जाणं हा दुसरा. पैसेही ठेवायचे आणि गेमही न्यायचा, असा तिसरा रस्ता नसावा.

आपल्याकडे 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी घातली, ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. विकत घेतलेल्या गेमचं पुढे काय, याचा विचार त्यात नाही. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' अशी व्याख्या आहे, आणि योग्य कारणाशिवाय एका बाजूने करार संपवण्याची मुभा देणारं कलम त्यात मोडतं. अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. गेमसाठी ते कोणी वापरून पाहायला हवं. सरकारकडे माझी मागणी साधी आहे: कर्जाला लावलात तसा एक तक्ता गेमलाही लावा. सर्व्हर किमान कोणत्या तारखेपर्यंत चालतील, बंद झाल्यावर गेम खेळता येईल की नाही, आणि नसेल तर पैशाचं काय. तीन ओळी, पैसे भरण्याच्या बटणाच्या वर, मराठीत.

तोवर तुम्ही एवढं करा. मुलाला, भाचीला किंवा स्वतःला गेम घेताना तो ऑफलाइन चालतो का, हे आधी विचारा. बिलाचा मेल पुसू नका. आणि विकत घेतलेला गेम कंपनीने बंद केला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा. माझी मी नोंदवली आहे.